इस्माईलभाईंचे चारशे मीटर

“मॅडम, एकच आकडा द्या. दोन आकडे दिले की कस्टमर प्रश्न विचारत बसतो.”

निखिल सर माझ्या टेबलाला टेकून उभे होते. टेबलावर दोन टॉर्च होते. एक आमचा: काळा, हँडलवाला, आतल्या बॅटरीसकट दोन किलोचा. दुसरा चीनहून नमुना म्हणून आलेला: ॲल्युमिनियमचा, मुठीत मावणारा, एलईडीचा. दोघांची तुलना करून मला रिपोर्ट द्यायचा होता, आणि तो त्याच दुपारी हवा होता.

“सर, एका आकड्यात दोन्ही गोष्टी बसणार नाहीत,” मी म्हणाले. “उजेड एकूण किती, हा एक आकडा. तो किती लांब जातो, हा दुसरा.”

“कस्टमरच्या फॉर्मवर कोणता रकाना आहे?”

“ब्राइटनेस.”

“मग झालं की.”

निखिल सर म्हणजे आमचे धाकटे मालक. बाहेरून एमबीए करून आले होते आणि बोलायला अतिशय सभ्य होते. कोणाला कधी अरे-तुरे केलं नाही. पुढची सगळी उलथापालथही त्यांनी “प्लीज” म्हणत केली.

मी त्या कंपनीत टेस्टिंग बघत असे. कंपनी वारज्याच्या पुढे होती, म्हणजे तेव्हा ती पुढे वाटायची. आता ते सगळं वारजंच झालं आहे. पत्र्याच्या दोन शेड, एक चिंचेचं झाड आणि सत्तरएक माणसं. आम्ही मोठे हातातले सर्चलाइट बनवायचो. धरणावर, जंगलात, शेताच्या राखणीला, कारखान्यांच्या गेटवर ते जायचे. लोक त्याला बॅटरीच म्हणायचे. मला शेजारणी विचारायच्या, “काय हो, तुम्ही एम.एस्सी. होऊन बॅटऱ्या विकता का?” विकत नाही, मोजते, असं सांगायचे. त्यावर त्यांचा चेहरा आणखी पडायचा.

मोजायचं काय, ते सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गच्चीतल्या नळाला पाइप लावून झाडांना पाणी घालताना आपण पाइपच्या तोंडाशी अंगठा दाबतो. पाणी तेवढंच, पण धार लांबच्या कुंडीपर्यंत जाते. अंगठा काढला की तेच पाणी पायाशी पडतं. टॉर्चचंही तसंच असतं. एकूण पाणी किती, ते ल्यूमेन. धार किती नेटाने जाते, ते कँडेला. नळ मोठा असला म्हणून धार लांब जातेच असं नाही.

ल्यूमेन मोजायला आमच्याकडे आतून पांढरा रंगवलेला एक पोकळ गोळा होता, माणूस उकिडवा बसेल एवढा. टॉर्च त्यात उजेड सोडायचा आणि गोळा सगळा उजेड गोळा करून आकडा सांगायचा. लांबी मोजायला शेडच्या मागे एक बोगदा होता. बोगदा म्हणजे पंचवीस मीटरची अरुंद खोली, आतून काळीकुट्ट. एका टोकाला टॉर्च ठेवायचा, दहा मीटरवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारा मीटर धरायचा आणि बाकीचं गणित करायचं. झोत कुठे संपला असं म्हणायचं, यालाही नियम आहे. उजेड कमी होत होत जिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथे टॉर्चचं अंतर संपलं. तिथे काही माणूस ओळखू येत नाही. माणूस ओळखायचा तर त्याच्या निम्मं अंतर धरावं.

त्या दिवशी मी दोन्ही टॉर्च दोन्ही ठिकाणी मोजले. गोळ्यात आमचा दीडशे ल्यूमेन आणि चिनी पाचशे. तिपटीहून जास्त. मग बोगद्यात नेले. आमच्या झोताने दहा मीटरवर चारशे लक्स दाखवले, चिनी टॉर्चने एक्याऐंशी. गणित केल्यावर आमचं अंतर आलं चारशे मीटर, त्यांचं एकशे ऐंशी.

म्हणजे नळ त्यांचा मोठा होता. अंगठा आमचा भारी होता.

हा अंगठा म्हणजे इस्माईलभाई.

टॉर्चच्या बल्बचा उजेड चहूकडे पसरतो. त्याच्या मागे जी चकचकीत वाटी असते ती हा उजेड गोळा करून एका दिशेला लावते. ती वाटी म्हणजे रिफ्लेक्टर. आमच्याकडे ती हाताने घडवली जायची. लेथवर लाकडी फर्मा फिरत असायचा, त्यावर ॲल्युमिनियमची गोल चकती लावायची आणि लांब दांड्याच्या हत्याराने ती दाबत दाबत फर्म्यावर बसवायची. मग बफिंग, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर पॉलिश. दाब एका जागी किंचित जास्त झाला तरी वाटीचा आकार बिघडतो आणि झोत फाटतो. बिघडलेला डोळ्यांना दिसत नाही, बोगद्यात कळतो.

इस्माईलभाईंना मात्र डोळ्यांनीच दिसायचा. त्यांच्या घरात आजोबांपासून भांड्यांना पॉलिश करायचं काम होतं. कंपनी सुरू झाली त्या वर्षीच ते आले आणि सव्वीस वर्षं तिथेच होते. वाटी तयार झाली की ते ती तोंडासमोर धरायचे आणि आत बघायचे. आत चेहरा उलटा दिसतो.

“मिशीचा एकेक केस वेगळा दिसला पाहिजे, मॅडम,” ते सांगायचे. “गुच्छा दिसला की वाटी परत चाकावर.”

“आणि ज्याला मिशी नाही त्याने काय करायचं?” मी एकदा विचारलं.

“त्याने टेस्टिंगमध्ये जावं,” ते म्हणाले.

त्यांच्या हाताखाली दहा माणसं होती. वाटी पास झाली की नाही, हे ते माझ्या आधी सांगायचे. मी बोगद्यात मोजायचे आणि मग इस्माईलभाई तेच माझ्या तोंडून ऐकायला येऊन उभे राहायचे. मी “तीनशे नव्वद” किंवा “चारशे पाच” म्हणायचे. ते मान डोलवून जायचे. सव्वीस वर्षं त्या माणसाने स्वतःचं काम मीटरमध्ये ऐकलं होतं.

आमच्या रिपोर्टची रीतही सांगायला हवी. थोरल्या मालकांनी ती घालून दिली होती. ते शनिवार पेठेतल्या ऑफिसात बसायचे आणि त्यांना कागद आवडत नसे. “एक कागद, एक आकडा, एक सही. ज्याला जास्त सांगायचंय त्याने कीर्तन करावं.” फॉर्मवर छापलेलं असे: मालाचं नाव, तारीख, निकाल. निकालापुढे आम्ही अंतर लिहायचो, कारण खोक्यावर तेवढंच छापायचं असे. मग रिपोर्टची एक प्रत कारखान्याच्या नोटीस बोर्डवर लागायची. शेडमधला प्रत्येक माणूस जेवायला जाताना तो आकडा बघून जायचा.

आता प्रश्न इतकाच होता की रिफ्लेक्टर सेक्शन राहणार की जाणार. एका मोठ्या आयटी कॅम्पसच्या सिक्युरिटीला टॉर्च हवे होते. आमचा पास झाला तर सेक्शन चालू. चिनी पास झाला तर तो तयार माल आणायचा, वर आपलं लेबल लावायचं आणि सेक्शन बंद. हे निखिल सरांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, अगदी सभ्यपणे. टेस्टिंग राहणार होतं, कारण आलेला माल तपासायला कोणीतरी लागतंच. म्हणजे माझी नोकरी पक्की होती.

मी फॉर्म घेतला. निकालापुढे लिहिलं: आपला १५० ल्यूमेन, नवीन ५०० ल्यूमेन. खाली सही केली. अंतराचे आकडे वहीतल्या एका पानावर लिहून ते पान फाईलमध्ये ठेवलं. विचारलं तर दाखवू, म्हटलं.

कॅम्पसवर आम्ही दुपारी तीनला गेलो. निखिल सर, मी आणि दोन टॉर्च. बैठक चौथ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूममध्ये होती. खुर्च्या इतक्या मऊ की त्यात बसून कोणाशी वाद घालणं अशक्य. समोर त्यांचा फॅसिलिटी मॅनेजर होता, तिशीतला, गळ्यात कार्ड. त्याच्या शेजारी सिक्युरिटीचे मुख्य, जाधव नावाचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते.

मॅनेजरने खिडक्यांचे पडदे ओढले आणि दिवे बंद केले. “ओके, दाखवा.”

निखिल सरांनी चिनी टॉर्च लावून छताकडे धरला. सगळी खोली उजळली. टेबल, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं. मॅनेजर म्हणाला, “वॉव!”

मग आमचा लावला. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर बशीएवढा गोल पडला, बघवणार नाही इतका प्रखर. बाकी खोली अंधारात.

“बस, एवढंच?” मॅनेजर म्हणाला.

चारशे मीटरच्या टॉर्चची परीक्षा पंधरा फुटांच्या एसी खोलीत चालली होती. हे म्हणजे एसटीची गाडी जिन्यात चालवून बघण्यासारखं होतं. मी ते मनात म्हणाले. तोंडाने काही म्हणाले नाही. कस्टमरसमोर टेस्टिंगवाल्याने विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त होती आणि मी ती नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले होते.

दिवे लागले. जाधवांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“ह्यातला लांब कुठला जातो?” त्यांनी निखिल सरांना विचारलं, पण बघितलं माझ्याकडे. “आमची मागची भिंत नाल्याच्या पल्याड हाय. टॉवरवरनं दीडशे मीटर धरा. पोरं टॉवरवरनंच बघत्यात.”

नेमका तोच प्रश्न. जो विचारला जाण्याची मी वाट बघत होते तो. माणूस ओळखू येईल असं निम्मं अंतर धरलं तर चिनी टॉर्चचं नव्वद मीटर, आमचं दोनशे.

निखिल सर हसले. “जाधवसाहेब, याचा दीडशे, त्याचा पाचशे. तिप्पट! आमच्या लॅबचा रिपोर्ट आहे. बरोबर ना, मॅडम?”

तिघेही माझ्याकडे बघत होते. फाईल माझ्या मांडीवर होती. वहीचं पान फाईलमध्ये होतं.

मी मान हलवली.

निखिल सर बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त ते जाधवांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला ते कळलं होतं आणि त्या खोलीत ते कळलेली मी एकटीच होते. मी घाबरले होते, हे आता सरळ सांगते. निखिल सर ओरडले नसते. त्यांनी परत येताना गाडीत फक्त “मॅडम, प्लीज” म्हटलं असतं. तेवढ्यालाच मी घाबरले.

जाधव म्हणाले, “मॅडम म्हणत्यात म्हंजे ठीक हाय.”

ऑर्डर चिनी टॉर्चची मिळाली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट नोटीस बोर्डवर लागला. निखिल सरांनी मुद्दाम लावायला सांगितला. “लोकांच्या मनात शंका नको. सगळं पारदर्शक.” जेवणाच्या सुट्टीत बोर्डापुढे गर्दी होती. मी डबा घेऊन लॅबमध्येच बसले.

दीडच्या सुमाराला इस्माईलभाई आले. एरवी ते उंबऱ्यावरूनच बोलायचे, कारण हात पॉलिशने काळे असायचे. त्या दिवशी हात धुऊन आले होते.

“मॅडम, बोर्डावर लागलंय ते बरोबर आहे?”

मला वाटलं, आता हे भांडणार. आकड्यावर शंका घेणार. आणि आकड्यावर कोणी शंका घेतली की मी एरवी असते त्याहून ताठ होते, हा माझा जुना दोष आहे.

“आकडा बरोबर आहे, इस्माईलभाई,” मी म्हणाले. “तीनदा मोजलाय.”

“तीनदा.”

“हो.”

ते बोगद्याच्या दाराकडे वळले. त्या दाराला उघडं ठेवण्यासाठी आम्ही एक जुना, बाद झालेला लाकडी फर्मा अडकवायचो. तो त्यांनी पायाने नीट सरकवला.

“एवढा फरक,” ते म्हणाले. “मला वाटलं नव्हतं.”

“एलईडीचं तंत्रच तसं आहे,” मी म्हणाले. दिलासा द्यायला म्हणून म्हणाले.

ते गेले. मी डबा उघडला. भाजी कोणती होती तेसुद्धा मला आठवतंय. गवारीची.

महिनाअखेर सेक्शन बंद झाला. अकरा माणसांना हारतुरे, भेळ आणि निखिल सरांचं भाषण मिळालं. इस्माईलभाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांना बोलायला सांगितलं तेव्हा ते उठून एवढंच म्हणाले, “काही चुकलं असेल तर माफ करा.” मला ते रीतीचं वाक्य वाटलं. निरोपाला सगळेच तसं म्हणतात.

लेथ विकले गेले. फर्मे भट्टीत गेले, एक दाराशी अडकलेला सोडून. पुढे वर्षभरात शेडची जागाही गेली आणि आम्ही भाड्याच्या गोडाऊनमध्ये आलो. बोगदा तिथे बांधला नाही. चीनहून आलेल्या खोक्यावर ल्यूमेनचा आकडा आधीच छापलेला असायचा. मी दहातला एक टॉर्च गोळ्यात घालायचे आणि छापलेलं बरोबर आहे अशी सही करायचे. तो दाराचा फर्मा का कोण जाणे, मी टेबलाखाली ठेवला होता.

दोन वर्षांनी जाधव स्वतः आले. मोटरसायकलवर, फोनबिन न करता.

“तो जुना बॅटरा पायजे,” ते म्हणाले. “वीस नग.”

निखिल सरांनी चहा मागवला. जाधवांनी चहाला हात लावला नाही. कॅम्पसच्या मागच्या बाजूला नव्या इमारतीचं काम चाललं होतं. तिथली तांब्याची केबल एका महिन्यात तीनदा चोरीला गेली होती, भिंतीवरून. टॉवरवरच्या गार्डला मॅनेजरने ड्युटीवर झोपला म्हणून काढून टाकलं होतं.

“झोपला नव्हता तो,” जाधव म्हणाले. “मी सोता त्या टॉवरवर जाऊन हुबा राहिलो. बॅटरी लावली की नाल्याच्या अल्याडचं गवत पार ढवळं फेक दिसतंय. पल्याड काय बी न्हाई. त्यो पोरगा सांगत हुता, साहेब, मला दिसत न्हाई, आन् आमी त्येला सांगत हुतो की पाचशेची बॅटरी हाय, दिसत कसं न्हाई.”

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर निखिल सर म्हणाले, “मॅडम, इस्माईलभाईंना विचारून बघता का? बाहेर लेथ भाड्याने घेऊ. वीस रिफ्लेक्टर तर करायचेत. तुमचं ऐकतील ते.”

स्वारगेटजवळ इस्माईलभाईंच्या भाच्याचं दुकान होतं. कुकर, मिक्सर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करून मिळतील, असं बाहेर लिहिलेलं. मी सकाळी अकराला गेले. ते काउंटरमागे स्टुलावर बसून कुकरच्या झाकणाला नवी रिंग बसवत होते. मिशी पुरी पांढरी झाली होती. मागे भाचा बफच्या चाकावर एक पितळी समई पॉलिश करत होता.

“अरे, मॅडम! बसा, बसा.” त्यांनी स्वतःचा स्टूल मला दिला आणि उभे राहिले. “घरी सगळं ठीक?”

मी ठीक म्हटलं. फर्मा पिशवीतून नेला होता. तो काउंटरवर ठेवला. त्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं.

“हा दाराचा ना? याला एका जागी चीर आहे, म्हणून बाद केला होता.”

मी काम सांगितलं. वीस रिफ्लेक्टर. फर्मा नवा करून देऊ, लेथ देऊ, माणूस देऊ.

ते हसले, पण चेष्टेने नव्हे. “माझ्याकडून कशाला, मॅडम? ज्यांचा पाचशे मीटर जातो त्यांच्याकडूनच घ्या की.”

मला आधी काही कळलंच नाही.

“पाचशे मीटर?”

“त्यांचा पाचशे आणि माझा दीडशे. तुम्हीच तर तीनदा मोजलात.” ते कुकरच्या झाकणाकडे बघत बोलत होते. “मी घरी जाऊन हिशोब लावला. चारशेवरून दीडशेवर आलो म्हणजे हात गेला माझा. आणि मला कळलंसुद्धा नाही. वाटीत बघायचो तर मिशी तशीच दिसायची. म्हटलं, नजरही गेली असणार. तेव्हापासून चाकाला हात लावला नाही. पॉलिशचं काम आलं की हा करतो.” त्यांनी भाच्याकडे मान वळवली. “मी रिंगा बसवतो. रिंग काय, कोणीही बसवतं.”

सव्वीस वर्षं बोर्डावरच्या त्या रकान्यात मीटर होते. एकदाच मी त्यात ल्यूमेन लिहिले. शब्द लिहिला होता, पण शेडमध्ये तो कोणाला माहीत असणार? नवीन काहीतरी इंग्रजी, एवढंच वाटलं असणार त्यांना. ते विचारायला आले होते. हात धुऊन आले होते. आणि मी त्यांना म्हणाले होते, आकडा बरोबर आहे.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. नळ, पाइप आणि अंगठा. दुकानात रहदारीचा आणि बफच्या चाकाचा इतका आवाज होता की मला मोठ्याने बोलावं लागत होतं. भाच्याने चाक बंद केलं. पुढचं मी शांततेत बोलले, ते जास्त अवघड गेलं.

इस्माईलभाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

“मग आपला लांब किती जात होता?”

“चारशे मीटर.”

“आणि त्यांचा?”

“एकशे ऐंशी.”

“हे पण तेव्हाच मोजलं होतं?”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“त्याच दिवशी. एकाच तासात.”

मी शिव्यांची वाट बघत होते. खरं म्हणजे मला त्या हव्या होत्या. त्यांनी काउंटरवरचा फर्मा उचलला, उजेडाकडे धरला, ती चीर बघितली आणि परत ठेवला.

“वीस नाही होणार, मॅडम,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. दाब हातात असतो, डोक्यात नसतो. आता खरंच गेला असेल.”

“एकदा करून तर बघा.”

“नको. आता वाटी बिघडली तर मला खपायचं नाही.”

मी उठले. फर्मा पिशवीत घालायला लागले तेव्हा त्यांनी काउंटरच्या खणातून दुकानाचं एक कोरं बिल काढलं, उलटं केलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं.

“लिहून द्या.”

“काय?”

“रिपोर्ट. चारशे मीटर. सही करून.”

“आता याचा काय उपयोग, इस्माईलभाई?”

“घरी दाखवायला. बायकोला, पोरींना, जावयाला, सगळ्यांना दीडशेच माहीत आहे. मीच सांगितलं होतं.”

मी लिहिलं. ‘इस्माईलभाईंच्या रिफ्लेक्टरचा झोत चारशे मीटर जातो. नवीन टॉर्चचा एकशे ऐंशी. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बोगद्यात मोजले.’ खाली सही केली. त्यांनी वाचलं आणि बोटाने कोपरा दाखवला.

“तारीख राहिली.”

“कोणती घालू? मोजलं तेव्हाची?”

“आजची घाला,” ते म्हणाले. “आम्हाला आज कळलं.”

मी तारीख घातली. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि भाच्याला मॅडमसाठी चहा आणायला पाठवलं.

जाधवांना जुने टॉर्च मिळाले नाहीत. त्या काढलेल्या गार्डला परत घेतलं की नाही, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मी पुढे आणखी सहा वर्षं नोकरी केली आणि प्रत्येक रिपोर्टवर, रकाना नसला तरी, अंतर लिहिलं. निखिल सरांनी दोनदा “मॅडम, प्लीज” म्हटलं. त्याने काही होत नाही, हे तेव्हा कळलं. नवीन मुलांना शिकवताना मी एवढंच सांगायचे की आकडा बरोबर असणं ही आपल्या कामाची सुरुवात आहे. माझा तो आकडा आजही बरोबर आहे, पाहिजे तर पुन्हा तीनदा मोजा.